मिक्सर येतोय

वान्देर्लेई : येतोय म्हणजे कुठवर आलाय?

जोसिमारा : येतोय रे दादा. रस्त्यात असेल.

वान्देर्लेई : फोनवर काय म्हणाला तुला?

जोसिमारा : निघतोय म्हणाला.

वान्देर्लेई : मघाशी म्हणालीस निघालाय. आता निघतोय?

जोसिमारा : निघतोय, निघालाय, एकच की. तू रोज बस चालवतोस, रस्त्यात काय काय होतं तुला ठाऊक नाही का?

वान्देर्लेई : रविवारी सकाळी तातुआपेहून इथं इताकेराला यायला काही होत नाही रस्त्यात. मोकळा असतो. आणि नवरा गाडी घेऊन येणारच होता, तर तू बसनं कशाला आलीस?

जोसिमारा : त्याला आधी मित्राकडून काँक्रीटचा मिक्सर उचलायचा होता ना. म्हटलं आपण पुढं होऊ, आईला हातभार लावू.

आई : हातभार लावायला आलीस तर लसूण सोल. आणि वाकून चल, टेकूवर डोकं आपटेल. घर कसलं, जंगल झालंय नुसतं. रात्री पाणी प्यायला उठले, तर प्रत्येक खांबाला मिठी मारत नळापाशी पोचले.

वान्देर्लेई : आई, टेकूंना हात लावायचा नाही कुणी. सगळा स्लॅब त्यांच्यावर तोलायचाय.

आई : मी कुठं लावते? तेच मला लावतायत.

वान्देर्लेई : थट्टा सुचतेय तुला. वर जेनिवाल मिस्त्री सिगरेटी फुंकत बसलाय. अख्खी गल्ली फावडी घेऊन उभी आहे, बियर तर आत्ताच उघडलीय त्यांनी. चार वाजता कोरिंथियान्सची फुटबॉल मॅच. जेवणं झाली की एकेक जण सटकणार. स्लॅब अर्धा राहिला म्हणजे काय होतं माहितीय ना जोसी? जोडाची रेघ राहते. तिथून पाणी झिरपतं, जन्मभर.

जोसिमारा : माहितीय. मीपण ह्याच गल्लीतली आहे.

वान्देर्लेई : होतीस.

आई : पुरे. वान्दो, बाहेर जा. लोकांना कॉफी दे.

वान्देर्लेई : आणखी किती कॉफी पाजू? माणसं आता कॉफीनंच थरथरायला लागली. मीच लावतो फोन क्लेबेरला.

जोसिमारा : नको! म्हणजे, गाडी चालवत असेल ना तो. पोलीस धरतात. मी मेसेज टाकते.

वान्देर्लेई : टाक. माझ्यासमोर टाक.

जोसिमारा : हा बघ. टाकला.

वान्देर्लेई : उत्तर आलं की हाक मार. तुझी होणारी वहिनी, तायनारा, कधीची शिडीवर उभी आहे, रिकामी बादली हातात घेऊन. तिला काय सांगू मी?

जोसिमारा : सांग, येतोय.

आई : गेला. आता तो लसूण टाक पातेल्यात. हळू, डुकराची कान-शेपटं तळाला आहेत, ढवळताना खालून घे. आणि झाकण ठेवत जा, फळ्यांतून भुसा गळतोय. आयुष्यात पहिल्यांदा माझी काळ्या घेवड्याची फेजोआदा लाकडाचा वास मारणार.

जोसिमारा : आई, मागच्या हौदावर जरा कपडे धुऊन घेऊ का?

आई : आज?

जोसिमारा : थोडेच आहेत. घरचं मशीन बिघडलंय.

आई : स्लॅब टाकायच्या दिवशी कपडे धुवायला कोण येतं गं? आणि वाळत कुठं घालशील? दोरी सोडलीय, तिथं शिडी लावलीय त्यांनी.

जोसिमारा : खुर्चीवर घालीन. कुंपणावर घालीन. कुठंतरी घालीन, आई, तू नको डोक्याला ताप करून घेऊ.

आई : आण ती पिशवी. आण म्हटलं ना. थोडेच म्हणे. हा तुझा पार्लरचा कोट. हा दुसरा. टॉवेल. हे काय, चादर? हिला मेण लागलंय.

जोसिमारा : पार्लरचीच आहे. वॅक्सिंगच्या टेबलावरची.

आई : पार्लरची चादर तू का धुतेस?

जोसिमारा : धुणारी बाई येत नाहीये.

आई : जोसी.

जोसिमारा : काय?

आई : ह्या पिशवीत पुरुषाचा एकसुद्धा शर्ट नाही. मोजा नाही, चड्डी नाही. मशीन काय तुझं एकटीचंच बिघडलं?

जोसिमारा : तो आपले आपण धुतो हल्ली.

आई : क्लेबेर? ज्याला पाण्याचा ग्लास हातात आणून द्यावा लागतो, तो?

जोसिमारा : कांदा कुठंय? कांदा चिरायचा असेल ना?

आई : कांदा कधीच चिरून झालाय. रडायला दुसरं निमित्त शोध.

जोसिमारा : मी रडत नाहीये.

आई : कुठं झोपतेस?

जोसिमारा : पार्लरमधे. शटर ओढून घेते. मालकिणीला ठाऊक आहे, चोरून नाही काही. किल्ली देऊन जाते ती. टेबल अरुंद आहे एवढंच. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं.

आई : केव्हापासून?

जोसिमारा : ईस्टरच्या आधीपासून.

आई : ईस्टरला तू इथं आली होतीस. चॉकलेटचं अंडं घेऊन. त्याला बरं नाही म्हणालीस.

जोसिमारा : हो.

आई : आणि मी त्याच्यासाठी माशाचा डबा बांधून दिला.

जोसिमारा : मी खाल्ला. चांगला झाला होता.

आई : मीठ जास्त पडलं होतं.

जोसिमारा : नव्हतं पडलं.

आई : मारलं का त्यानं?

जोसिमारा : नाही गं. मारलं असतं तर बरं झालं असतं असं नाही म्हणत मी, पण निदान सांगायला काहीतरी असतं. सकाळी कॉफी पीत होतो. ब्रेडला लोणी लावता लावता म्हणाला, मला वाटतं तू थोडे दिवस दुसरीकडे राहावंस. मी विचारलं, थोडे म्हणजे? तर म्हणे, तूच समजून घे. फ्लॅट त्याच्या आईच्या नावावर. मी समजून घेतलं. पिशवी भरली आणि लिफ्टनं खाली आले. लिफ्टमधे रडलेसुद्धा नाही. कॅमेरा असतो तिथं, वॉचमन बघत बसतो.

आई : दुसरी बाई आहे?

जोसिमारा : असेल. नसेल. मला विचारायचासुद्धा कंटाळा आला, आई.

आई : मग तडक इथं का नाही आलीस?

जोसिमारा : कुठल्या तोंडानं? लग्नाच्या दिवशी उंच टाचांचे बूट घालून ह्या चढावर उभी राहिले नि काय बोलले मी? पुन्हा ह्या गल्लीत राहायला आले तर नाव बदलीन. सगळ्यांना पाठ आहे ते.

आई : गल्लीला दुसरी कामं आहेत.

जोसिमारा : दादाला पाठ आहे.

आई : आणि मिक्सर? इकडे बघ. मिक्सर येतोय का?

जोसिमारा : नाही.

आई : अगं बाई.

जोसिमारा : ख्रिसमसला क्लेबेरनंच शब्द दिला होता दादाला. मग परवा दादाचा फोन आला, मिक्सर नक्की ना म्हणून. माझ्या तोंडून हो गेलं. वाटलं, उद्या खरं सांगू. तो उद्या काही उजाडला नाही. काल स्वतः फोन केला त्याला. म्हणणार होते, मला काही नको, तेवढा मिक्सर पोचव. नंबर ब्लॉक केलाय माझा. मघाचा मेसेजसुद्धा गेला नाही पुढं. तसाच लटकलाय.

आई : आणि काय ठरवून आलीस मग?

जोसिमारा : काहीच नाही. वाटलं, बसमधे काहीतरी सुचेल. तीन बसा बदलल्या, काही सुचलं नाही.

आई : सांग वान्दोला.

जोसिमारा : तू सांग ना. तुझ्यावर नाही ओरडणार तो.

आई : मी पातेलं सोडून कुठं जाऊ? ‘हो’ तुझ्या तोंडून गेलं, आता ‘नाही’सुद्धा तुझ्याच तोंडून जाऊ दे.

जोसिमारा : आई, प्लीज.

आई : आला बघ.

वान्देर्लेई : आभाळ भरून यायला लागलंय. जेनिवाल म्हणतो, अजून थोडी वाट बघू, नाहीतर पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी माझी ड्युटी आहे. फळ्या परत द्यायच्यात. पत्रे उतरवून ठेवलेत, आठवडाभर आई काय फळ्यांखाली झोपणार? आलं का उत्तर?

जोसिमारा : दादा, मिक्सर येत नाहीये.

वान्देर्लेई : उशीर होणार?

जोसिमारा : नाही. येतच नाहीये. क्लेबेर येणार नाही. मला माहीत होतं.

वान्देर्लेई : काय माहीत होतं? कधीपासून?

जोसिमारा : तुझा फोन आला तेव्हापासून. आम्ही एकत्र राहत नाही आता.

वान्देर्लेई : म्हणजे सकाळपासून तू इथं बसून लसूण सोलतेयस, आणि मी बाहेर मूर्खासारखा रस्त्याच्या टोकाला डोळे लावून उभा आहे?

जोसिमारा : हो.

वान्देर्लेई : माणसं आलीत जोसी! रात्रपाळी करून आलेली माणसं आहेत त्यांत. झोप सोडून आलीत. एवढं एक वाक्य बोलायचं होतं तुला. एक. दुसरीकडून भाड्यानं आणला असता मी.

जोसिमारा : माहितीय.

वान्देर्लेई : तुला सगळंच माहीत असतं. वेळ मात्र छान साधलीस हां. लिफ्टवालं घर सुटलं आणि इकडे स्लॅबच्या दिवशी बाईसाहेब पिशवी घेऊन हजर. वर खोल्या निघणार म्हटल्यावर आठवली गल्ली.

आई : वान्दो.

वान्देर्लेई : नाही आई, बोलू दे मला. आम्ही लग्न किती वेळा पुढं ढकललं? आधी हिचं झालं. मग बाबा आजारी. मग तुझा गुडघा. तायनारा एका शब्दानं बोलली नाही. टाइल निवडून ठेवलीय तिनं, एकच टाइल, घरी नेऊन उशाशी ठेवलीय. आणि ही काय करत होती इतकी वर्षं? सतराव्या मजल्यावरून सूर्यास्ताचे फोटो पाठवत होती.

जोसिमारा : सूर्यास्त चांगला दिसायचा तिथून. दुसरं काही दिसायचं नाही.

वान्देर्लेई : मला हसवू नकोस.

जोसिमारा : हसवत नाहीये. तुझी खोली नकोय मला, दादा. मागायला आले नव्हते.

वान्देर्लेई : मग कशाला आलीस?

जोसिमारा : आज स्लॅब आहे म्हणून. तू सांगितलंस, ये. कुणीतरी ये म्हणालं होतं, म्हणून आले.

आई : झालं तुमचं? आता माझं ऐका. ह्या घराचा पाया घातला तेव्हा तुझ्या बापाकडे मिक्सर होता का?

वान्देर्लेई : पाया आणि स्लॅब सारखे नसतात, आई.

आई : सारखे नसतील. फावडं तेच असतं. रस्त्यावर प्लायवूड टाका, वाळू-सिमेंट कोरडं कालवा, मग खडी. आळं करा, मधे पाणी सोडा. मी पाणी घातलंय त्यात, तू पोटात होतास माझ्या.

वान्देर्लेई : हातानं कालवायचं तर दुप्पट माणसं लागतील.

आई : बायका काय नुसत्या बघायला आल्यात? शेजारच्या ओदेतेला हाक मार, ती दोन पुरुषांना भारी आहे. आणि कोपऱ्यावरचं चर्च सुटेल एवढ्यात. निम्मे गवंडीच आहेत त्यात. दारातच गाठ त्यांना, म्हणावं इस्त्रीचे शर्ट काढून कुंपणावर ठेवा.

वान्देर्लेई : आणि लोकांना काय सांगू? मिक्सर येतोय, मिक्सर येतोय म्हणून सकाळपासून माझा घसा बसलाय.

जोसिमारा : मी सांगते.

वान्देर्लेई : काय सांगशील?

जोसिमारा : खरं तेच. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, मिक्सर येत नाही, फावडी उचला.

वान्देर्लेई : असं भर गल्लीत? ओदेते संध्याकाळच्या आत इताकेराभर करेल.

जोसिमारा : करू दे. तेवढंच माझं सांगायचं काम वाचलं.

आई : नखं बघ तुझी. एक राहायचं नाही.

जोसिमारा : नखं लावायचाच धंदा आहे माझा. परत लावीन.

वान्देर्लेई : जोसी, थांब. जोसी! गेली. खरंच गेली ती. आई, तू कुठं निघालीस? गुडघा!

आई : गुडघा काय घरी ठेवून जाऊ? तू गॅस बारीक कर आणि ये.

(दुपार उलटली आहे. स्लॅब टाकून झाला आहे. शेजारच्या घरातून मॅचचा आवाज येतो. दाराच्या पायरीवर बहीणभाऊ ताटं घेऊन बसले आहेत.)

वान्देर्लेई : संत्रं घे. चरबी आहे फार.

जोसिमारा : बोटं मिटत नाहीत माझी. तूच दे तोंडात.

वान्देर्लेई : उद्या तर उघडणारसुद्धा नाहीत.

जोसिमारा : आई?

वान्देर्लेई : पलंगावर आडवी झालीय, बुटांसकट. दोन टेकूंच्या मधे. घोरतेय.

जोसिमारा : पास्टरचं काय ते ऐकलंस? म्हणाला, बहिणी, तुझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना करू. मी म्हटलं, आधी खडी उचला.

वान्देर्लेई : ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. जेनिवाल वर इतका हसला की पडता पडता राहिला.

जोसिमारा : नीट झालाय ना रे?

वान्देर्लेई : झालाय. पावसानंही धीर धरला. डावा कोपरा जरा जाड पडलाय म्हणतो मिस्त्री.

जोसिमारा : तिथं मी होते.

वान्देर्लेई : माहितीय.

जोसिमारा : तायनारा बोलली नाही माझ्याशी. बादल्या घेत होती हातातून, पण बघत नव्हती.

वान्देर्लेई : भीती वाटतेय तिला. तू परत आलीस म्हणजे आईचं मन फिरेल, वरचं घर तुला देईल, असं वाटतंय.

जोसिमारा : तिला सांग, मला आईचा अर्धा पलंग दिलाय. भिंतीकडची बाजूसुद्धा नाही, ती आईची.

वान्देर्लेई : तूच सांग. माझ्याकडून ऐकलं तर म्हणेल, बहिणीची बाजू घेतोय.

जोसिमारा : घेतोयस का?

वान्देर्लेई : जेव गुपचूप.

जोसिमारा : अरे, कपडे! हौदात भिजत पडलेत सकाळपासून.

वान्देर्लेई : आता ह्या हातांनी पिळशील कशी? राहू दे. ओदेतेनं नेले मघाशी. तिच्याकडे मशीन आहे. पार्लरची चादर बघून विचारत होती, हे मेण कसं काढायचं.

जोसिमारा : गरम इस्त्री आणि कागद. दादा, तू मघाशी बोललास ते...

वान्देर्लेई : खरं होतं.

जोसिमारा : हो.

वान्देर्लेई : खरं होतं, पण स्वयंपाकघरात उभं राहून बोलायचं नव्हतं. आईसमोर.

जोसिमारा : मग कुठं बोलणार होतास? बसमधे, माइकवरून?

वान्देर्लेई : क्लेबेरला फोन लावला मी.

जोसिमारा : काय? कधी?

वान्देर्लेई : हात धुताना. माझा नंबर ब्लॉक नव्हता त्याच्याकडे. उचलला.

जोसिमारा : भांडलास?

वान्देर्लेई : नाही. म्हटलं, मिक्सरची गरज राहिली नाही. मंगळवारी सुट्टी आहे माझी, जेनिवालची गाडी घेऊन येतो, तिचं सामान काढून ठेव. तो म्हणाला, फ्रीज माझा आहे.

जोसिमारा : फ्रीज त्याचाच आहे.

वान्देर्लेई : म्हटलं ठेव. तुझं तुला. आणि जोसी, तुझं काय आहे तिथं?

जोसिमारा : मोठा आरसा. खुर्ची, ती खालीवर होणारी. हिवाळ्याचे कपडे. आणि बाबांचा रेडिओ.

वान्देर्लेई : रेडिओ तुझ्याकडे आहे? मी इकडे आईला विचारून विचारून दमलो.

जोसिमारा : वाजत नाही तो.

वान्देर्लेई : वाजत नसू दे. गोल झाला बघ. कुणी मारला?

जोसिमारा : ओरडण्यावरून तर आपणच.

वान्देर्लेई : जोसी, स्लॅबला रोज पाणी मारावं लागतं. सकाळ-संध्याकाळ. नाहीतर तडा जातो. आईला शिडी चढता येणार नाही.

जोसिमारा : संध्याकाळचं मी मारीन.

वान्देर्लेई : आणि सकाळचं तायनारा येऊन मारेल, कामावर जायच्या आधी. तुमची गाठ पडणार नाही फारशी.

जोसिमारा : पडली तरी चालेल.

वान्देर्लेई : म्हणजे राहतेस.

जोसिमारा : आई म्हणाली राहा.

वान्देर्लेई : आई म्हणाली ते मला माहितीय. मी विचारतोय. उद्या कामावर कुठून जाणार?

जोसिमारा : इथून.

वान्देर्लेई : मग अंधारातच ऊठ. खालच्या स्टॉपवरून पहिली बस माझीच निघते.

जोसिमारा : ठाऊक आहे.

वान्देर्लेई : बहीण आहे म्हणून थांबणार नाही हां मी.

जोसिमारा : नको थांबूस. मी उभी असेन.